मुलांसह महाबळेश्वर

वैशाखांत सोलापूरचें ऊन चाळीस अंशांपलीकडे गेलें, कीं भवानी पेठेंतील घरांतून महाबळेश्वराचा विषय निघतो. वडील मंडळी बेत आंखतात. दोन दिवसांत सारे पॉइंट उरकावयाचे ठरतें. मुलांस मात्र कोणी विचारीत नाहीं.

वाट पंढरपूर, सातारा, वाई अशी. वाईपुढें पसरणीचा घाट. तेथील वळणांनीं पुष्कळ मुलांस मळमळतें. यासाठीं रात्रीं वाईस मुक्काम करून सकाळीं हलक्या पोटीं घाट चढावा. या मुक्कामाचा दुसरा लाभ मोठा आहे. वाईच्या घाटावर ज्या कृष्णेंत मुलांनीं पाय बुडविले, तीच क्षेत्र महाबळेश्वरीं, पंचगंगेच्या देवळांत, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांच्यासह गोमुखांतून पडतांना दिसते. हा भूगोल मुलें विसरत नाहींत. सर जॉन माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास वसविलेली पेठ व तिची बाजारगर्दी यापुढें फिकी वाटते.

दिवसास एकच मोठें ठिकाण ठेवावें. प्रतापगडास सबंध सकाळ द्यावी. १६५९ ची हकीकत तटावर बसून सांगावी. कड्यांच्या कांठीं मुलांचा हात सोडूं नये, छायाचित्रासाठीं तर नाहींच.

उंची सुमारें ४,५०० फूट. मे महिन्यांतहि रात्रीं गारवा असतो. चादरी घरूनच न्याव्यात. सोलापूरकरांनीं त्या परगांवीं विकत घेणें शोभत नाहीं! परतीचा दिवस मात्र मृगापूर्वीं असावा; एकदां धुकें उतरलें, कीं दऱ्या दिसेनाशा होतात.