आकड्याआधी माप बघा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाच्या बैठकीत ग्रंथालयाचा विषय कशाला, असे काही जणांनी सकाळीच विचारले. विषय भावाचाच आहे. आपल्या कापसावर दिल्लीत, जिनिव्हात, पॅरिसमध्ये जी चर्चा होते, ती कागदावर होते. हे कागद गुप्त नाहीत. छापलेले आहेत, कपाटात लावलेले आहेत आणि मागितले तर टेबलावर आणून देतात. मागणारा मात्र बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या घरचा नसतो.

२०१८ सालचे दोन कागद घेऊ.

जुलै २०१८ मध्ये ओईसीडी या संस्थेने दिल्लीच्या इक्रिअर या संशोधन संस्थेबरोबर भारताच्या शेती धोरणावर अहवाल काढला. ओईसीडी म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांचा संघ. १९६१ साली सुरू झाला, कचेरी पॅरिसला. भारत त्याचा सभासद नाही. या अहवालाचा निष्कर्ष असा, की २०००-०१ ते २०१६-१७ या १७ वर्षांत सरकारी धोरणांचा एकूण परिणाम म्हणून भारतातल्या शेतकऱ्याची ढोबळ मिळकत सरासरी १४ टक्क्यांनी घटली. खताचे, विजेचे, पाण्याचे अनुदान जमेला धरूनसुद्धा.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेने जिनिव्हाला, जागतिक व्यापार संघटनेच्या शेती समितीपुढे, आपल्या कापसाबद्दल एक कागद ठेवला. त्यात म्हटले, की भारत हमीभावातून कापसाला जो आधार देतो तो उत्पादनाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. करारात भारताला मर्यादा आहे १० टक्क्यांची. भारत सरकारने पाठवलेल्या हिशेबात मात्र हाच आधार मर्यादेच्या आत होता.

देश तोच, शेतकरी तोच. एक कागद म्हणतो याला लुबाडले, दुसरा म्हणतो याला खिरापत वाटली. वर्तमानपत्रात यातला एकच आकडा येतो. ज्याला जो सोयीचा, तो तो उचलतो. आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत राहिलो तर ओंजळ ज्याची, चवही त्याचीच.

अडत्याकडे गाडी गेली की आपण वजन विचारण्याआधी काटा बघतो. काटा शून्यावर आहे का, पारड्याखाली काही चिकटवले आहे का. मापात पाप असते हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आकड्यांचेही तेच. त्याचे माप त्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत आणि तक्त्याखालच्या बारीक टिपांत असते. ते बघायला ग्रंथालयात जायचे.

आता या दोन कागदांची मापे बघू.

जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हिशेबाची रीत दिली आहे. आजचा सरकारी भाव घ्या. त्यातून १९८६ ते १९८८ या तीन वर्षांचा सरासरी बाहेरचा भाव वजा करा. उरेल त्याला पात्र उत्पादनाने गुणा. झाला आधार. म्हणजे आजच्या हमीभावाची तुलना आजच्या जागतिक भावाशी होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी होते. तो भाव एकदा ठोकला तो ठोकला.

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा तो जुना भाव क्विंटलला १,००० रुपये होता. २०१८-१९ साली मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,१५० रुपये होता. रुपयांत फरक निघाला ४,१५०. आता हाच हिशेब डॉलरमध्ये करा. १९८६-८८ मध्ये डॉलर सुमारे १३ रुपयांना होता, तेव्हा १,००० रुपयांचे झाले सुमारे ७७ डॉलर. २०१८ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या आसपास, तेव्हा ५,१५० रुपयांचे झाले सुमारे ७६ डॉलर. फरक शून्याच्याही खाली! अमेरिकेने हिशेब रुपयांत केला, भारत सरकार आपला हिशेब डॉलरमध्ये पाठवते. तीस वर्षांत रुपया घसरला, महागाई वाढली, आणि ती सगळी महागाई रुपयांच्या हिशेबात शेतकऱ्याच्या नावावर सबसिडी म्हणून चढली.

दुसरी मेख पात्र उत्पादनाची. सीसीआयने जेवढा कापूस विकत घेतला तेवढाच धरायचा, असे भारत सरकार म्हणते. देशात पिकला तेवढा सगळा धरायचा, असे अमेरिका म्हणते. ज्या शेतकऱ्याने हमीभावाच्या खाली खेडा खरेदीत कापूस घातला, त्यालाही अमेरिकेच्या हिशेबात हमीभावाचा लाभ मिळाला!

ओईसीडीचे माप निराळे आहे. ते त्या त्या वर्षीचा देशातला भाव आणि त्याच वर्षीचा सीमेवरचा भाव यांची तुलना करते आणि त्यात अनुदाने मिळवते. निर्यातबंदी घातली, साठ्यावर मर्यादा घातली, बाजाराला कुंपण घातले, की देशातला भाव पडतो आणि आकडा उणे होतो. एप्रिल २०१० मध्ये कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. त्यानंतरच्या हंगामात, मार्च २०११ मध्ये, जगात रुईचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली. अशा निर्णयांचा परिणाम ओईसीडीच्या मापात दिसतो, जिनिव्हाच्या मापात दिसत नाही.

मग ओईसीडीचे माप एकदम शुद्ध समजायचे का? तसेही नको. अमेरिका आपल्या शेतकऱ्याला अनुदान देते, त्याने जगातला भाव खाली जातो, आणि तोच पडलेला भाव ओईसीडी तुलनेला घेते. म्हणजे आपली लूट त्या मापातही थोडी कमीच भरते.

आता मुद्दा, हे सापडायचे कुठे. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने १९४६ पासून निरनिराळ्या देशांतल्या निवडक ग्रंथालयांत आपली प्रकाशने ठेवायला सुरुवात केली. अट अशी, की सामान्य वाचकाला ती बघता आली पाहिजेत. आपल्याकडे पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था घ्या. १९३० साली स्थापन झालेली, १९९३ पासून अभिमत विद्यापीठ. तिचे ग्रंथालय त्याहून जुने, १९०५ साली भारत सेवक समाजाने सुरू केलेले. आज त्याला धनंजयराव गाडगीळांचे नाव आहे. हे गाडगीळ संस्थेचे पहिले संचालक, आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांबरोबर असलेले. जागतिक संघटनांची प्रकाशने तिथे वर्षानुवर्षे येत आली आहेत. कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही अन्न व शेती संघटनेची, म्हणजे एफएओची, पुस्तके असतात. बाहेरच्या वाचकासाठी प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, म्हणून आधी पत्र लिहून विचारा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा.

आम्ही शेतीची पदवी घेतली. चार वर्षांत कोणत्या पिकाला किती नत्र, किती स्फुरद हे पाठ झाले. त्याच इमारतीत जगाचे भाव सांगणारी कपाटे होती, तिकडे कुणी बोट दाखवले नाही. म्हणून ही वाट आज सांगतो.

आत गेल्यावर 'कापसाची पुस्तके द्या' म्हणू नका. ही प्रकाशने बहुधा पिकानुसार नसतात, संस्थेनुसार लावलेली असतात. एफएओ वेगळी, जागतिक बँक वेगळी, व्यापार संघटना वेगळी. संस्थेचे नाव आणि साल सांगा. व्यापार संघटनेच्या कागदावर एक खूण असते. जी म्हणजे मालाचा व्यापार, एजी म्हणजे शेती, एन म्हणजे देशाने स्वतः दिलेली माहिती, आयएनडी म्हणजे भारत. 'जी/एजी/एन/आयएनडी' एवढे सांगितले की आपल्या सरकारने जगाला आपल्याबद्दल काय कळवले ते सगळे कागद निघतात. शेतकऱ्याने निदान एवढे तरी वाचलेच पाहिजे.

तरुण मुले म्हणतील, मोबाईलवर सगळे मिळते. बरेच मिळते, ही चांगली गोष्ट आहे. व्यापार संघटनेचे कागद खुले आहेत, ओईसीडीने जुलै २०२४ पासून आपली पुस्तके फुकट खुली केली आहेत. पण संगणकावरचे जुने आकडे मागाहून सुधारले जातात. त्या वेळी नेमके काय छापले होते, हे छापील वार्षिकातच सापडते. आणि आपले भांडण १९८६-८८ च्या आकड्यावर आहे. त्या सालची वार्षिके ग्रंथालयात जाऊन चाळली पाहिजेत. त्या काळात महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती, कापूस राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी होती. बाहेरचा भाव आणि आपल्या हातात पडलेला भाव शेजारी शेजारी मांडा, म्हणजे उणे सबसिडी म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळेल.

तक्ता वाचताना तीन गोष्टी आधी बघा.

पहिली, माल कोणता. जागतिक भाव रुईचा असतो, आपण विकतो तो कापूस. पौंडाला ८० सेंट भाव आणि डॉलर ८५ रुपये धरा. किलोभर रुईचे झाले सुमारे १५० रुपये. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली तर तिचे झाले ५,१०० रुपये. ६४ किलो सरकी ३० रुपयांनी धरली तर १,९२० रुपये. दोन किलो घट. बेरीज ७,०२० रुपये. त्यातून जिनिंगचा आणि वाहतुकीचा खर्च वजा. ३४, ८५, ३० हे आकडे तुमच्या गावच्या आणि त्या दिवसाच्या भावाने बदला, रीत तीच राहील.

दुसरी, गाठ केवढी. आपली गाठ १७० किलो रुईची. अमेरिकेच्या तक्त्यातली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. गाठींची संख्या सरळ लावली तर तुलना फसली.

तिसरी, वर्ष कुठून कुठे. आपला कापूस हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समिती आहे, १९३९ पासूनची. तिचे वर्ष ऑगस्ट ते जुलै.

ज्वारीवाल्यांनी तर जास्त सावध राहावे. एफएओ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांनी मिळून १९९६ साली जगातल्या ज्वारी-बाजरीच्या अर्थव्यवस्थेवर पुस्तक काढले. आशिया-आफ्रिकेत ज्वारी माणसाच्या ताटात जाते, अमेरिकेत जनावरांच्या दावणीत. जगाच्या बाजारात भाव निघतो तो मुख्यतः या खाद्याच्या ज्वारीचा. कुणी तो भाव दाखवून तुमच्या मालदांडीला महाग म्हणाले, तर विचारा, ही ज्वारी भाकरीची की डुकरांची?

वाचून काय होते, असे कुणी विचारील. ब्राझीलचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध व्यापार संघटनेत तक्रार केली. पुराव्यात अमेरिकन सरकारचेच आकडे वापरले, आणि परिणामाचे गणित मांडायला कॅलिफोर्नियातले अर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर यांना उभे केले. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, मार्च २००५ मध्ये अपिलातही टिकला. शेवटी ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. अमेरिकेच्या कपाटातला कागद ब्राझीलच्या कापूस उत्पादकाच्या कामी आला. काट्याने काटा काढला.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत दिली, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नवा कापूस बाजारात यायला आणि सवलत चालू राहायला एकच गाठ पडली. अशा वेळी 'आमचे नुकसान झाले' एवढे म्हणून निवेदन दिले तर ते फायलीत जाते. त्या महिन्यांचा जागतिक भाव, आयातीचा पडता भाव आणि आपल्या बाजार समितीचा भाव असे तीन रकाने जोडले, तर उत्तर द्यावे लागते.

म्हणून प्रत्येक तालुक्याने दोन जण निवडावेत. एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, आणि एक स्वतः वखर-पाळी करणारा जुना माणूस. मुलगी तक्ता वाचील, जुना माणूस सांगेल की आकडा शेतात पटतो की नाही. इंग्रजीची धास्ती नको. क्षेत्र, उतारा, उत्पादन, आयात, निर्यात, शिल्लक साठा, एवढे शब्द आले की निम्मे तक्ते वाचता येतात.

एक वही घाला. साल, आकडा, परिमाण, तक्त्याखालची टीप, पुस्तकाचे नाव आणि पान, असे पाच रकाने. टीप आणि पान लिहिले नसेल तो आकडा या मंचावरून कुणी बोलायचा नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपली वही आणायची. पहिले काम सोपे आहे. १९८६, ८७ आणि ८८ या तीन सालांचा रुईचा निर्यात भाव आणि त्याच तीन सालांचा आपल्या खरेदी केंद्रावरचा कापसाचा भाव. ज्यांच्या घरी त्या वेळच्या पट्ट्या जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्याही बरोबर आणाव्यात.