फीचा पैसा आणि अभ्यासाचा वेळ

डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या आसपासच्या गावांतून पेणला कॉलेजात जाणाऱ्या गरीब मुलाला शिष्यवृत्तीनं नेमकं काय मिळतं? माझ्या मते, मुख्यतः वेळ. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २००८ पासून गरजू विद्यार्थ्यांतून सोडत काढून अनुदान दिलं गेलं. ते मिळालेल्यांनी नोकरीचे तास, विशेषतः रात्रीचे, कमी केले. चार वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून २१ टक्क्यांवर गेलं.

पैसा मध्येच थांबला तर? बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तो पुन्हा सुरू झाला थेट १९२० मध्ये.

आज राजर्षी शाहू महाराज योजनेत वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांची निम्मी शिक्षण फी शासन भरतं. पात्र मुलींना २०२४-२५ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफी आहे. पण एसटीचा पास, खानावळ, झेरॉक्स? तो खर्च रोजचा, आणि पोरं कामाला जातात ती बहुधा त्यासाठीच. या सवलतींसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना तेही बघा.