छटांकित मजकूर आणि बालवाचक



पाठ्यपुस्तकाचे पान हे फळ्याइतकेच अध्यापनाचे साधन होय. पुणे येथे १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ची परिसर अभ्यासाची पुस्तके पाहिली असता 'करून पहा', 'माहीत आहे का तुम्हांला' असे मजकूर रंगीत पार्श्वभूमीवर, मुख्य पाठापासून वेगळे छापलेले आढळतात. नजर कोठे थांबावी, हे ती छटा मुलाला न बोलता सांगते. परंड्यापासून उमरग्यापर्यंत, संगणकावर स्वाध्यायपत्रिका तयार करणाऱ्या शिक्षकालाही साहजिकच तिचा मोह पडतो.

परंतु पुस्तक रंगांत छापले जाते, आणि शाळेची पत्रिका बहुधा एकाच काळ्या शाईत निघते. काळ्या शाईला राखी रंग ठाऊक नाही. यंत्र तेथे बारीक ठिपक्यांची जाळी उमटवते. ठिपके लहान वा विरळ असतील तर छटा फिकट, मोठे वा दाट असतील तर गडद. खिळ्यांच्या छापखान्यात अशा जाळीचा ठसा वेगळा करवून घ्यावा लागे. आता ती कळ दाबताच मिळते. प्रतीवरून प्रत काढताना मात्र हे ठिपके फुगतात व परस्परांत मिसळतात.

देवनागरीत हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. आपल्या लिपीत अनुस्वार हाही एक ठिपकाच आहे. तो जाळीत हरवला की 'चिंता'ची 'चिता' होते. आणि जाळीतला ठिपका शिरोरेषेवर चढला की 'कस'चा 'कंस' होतो. प्रौढ वाचक संदर्भाने सावरून घेतो. नुकतीच अक्षरओळख झालेले मूल जे दिसते तेच वाचते, आणि चुकल्याचा दोष मात्र त्याच्या माथी येतो.

दुसरी अडचण रकान्यांची. पानाचे दोन रकाने केले असता छटा आपल्या रकान्याच्या रुंदीतच राहावी व अक्षर तिच्या कडेला टेकू नये. छटांकित उतारा एका रकान्याच्या तळाशी तुटून दुसऱ्याच्या माथ्यावर गेला, तर मुलाला ते दोन निराळे उतारे वाटतात; म्हणून तो अखंड ठेवावा. दोन्ही रकाने व्यापणारी चौकट पानाच्या मध्यावर आली, तर चौकट ओलांडून खाली वाचावे की उजवीकडे वर जावे, हे कळत नाही. तिची जागा पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी.

छटा शेकडा १० च्या पुढे नेऊ नये, व तीवरील अक्षर मोठे असावे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी छटेऐवजी साध्या रेघेची चौकटच पुरेशी आहे. सर्व प्रती काढण्यापूर्वी एका प्रतीची प्रत काढून ती वर्गातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात बसून वाचावी. तेथे प्रत्येक अनुस्वार स्पष्ट दिसला, तरच ती पत्रिका मुलांच्या हाती द्यावी. कारण त्या कोपऱ्यातही आपलाच एक विद्यार्थी बसलेला असतो.