लाजेचा व्यापार



आजच्या भाषणाचा विषय चारचौघांत सहसा काढला जात नाहीं. घरांत तर त्याला मज्जावच असतो. परंतु ज्या विषयाला घरांत मज्जाव, त्यानेंच घराबाहेरच्या भिंती रंगलेल्या आहेत. रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर, लोकलच्या डब्यांत आणि आतां प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलवर 'गेलेली शक्ति परत मिळवा' ही हाक दिवसरात्र चालूं असते. कामेच्छा व कामशक्ति वाढविण्याचें आश्वासन देणाऱ्या गोळ्या, चूर्णें, तेलें आणि हल्लीं ज्यांना 'सप्लिमेंट' म्हणतात त्या वस्तू यांच्याविषयीं मी आज बोलणार आहें. मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. विधान कोणतें व पुरावा कोणता, हा भेद मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. त्याच नजरेनें हा व्यापार तपासला असतां जें दिसतें तें आपल्यापुढें ठेवतों. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या व्यापाराचें खरें भांडवल जडीबुटी हें नसून गिऱ्हाइकाची लाज हें आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. तिचा संबंध नभोवाणीशींच आहे, म्हणून ती येथें सांगणें अधिक उचित. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत मिलफर्ड नांवाच्या लहानशा गांवीं जॉन ब्रिंक्ले नांवाचा एक इसम होता. १९१८ च्या सुमारास त्यानें बोकडाच्या ग्रंथी पुरुषांच्या शरीरांत बसवून त्यांचें पौरुष परत आणण्याचा धंदा मांडला. एका शस्त्रक्रियेचे तो ७५० डॉलर घेई. बोकडाची ग्रंथि मनुष्याच्या शरीरांत जगत नाहीं. शरीर तिला परकी समजून नष्ट करतें. तरीही रोग्यांची रीघ लागली, कारण १९२३ सालीं त्यानें स्वतःचें नभोवाणी-केंद्र काढलें. श्रोत्यांचीं पत्रें वाचायचीं, रोग्याचें तोंडही न पाहतां निदान सांगायचें आणि क्रमांक घातलेलीं औषधें घेण्यास सुचवायचें, असा त्याचा क्रम असे. १९३० सालीं त्याचा वैद्यकीचा परवाना गेला आणि नभोवाणीचाही गेला. तेव्हां त्यानें सरहद्दीपलीकडे मेक्सिकोंत केंद्र उभारलें. डॉ. मॉरिस फिशबीन यांनीं त्याला भोंदू म्हटलें म्हणून त्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती तो १९३९ सालीं हरला. १९४२ मध्यें तो वारला तेव्हां त्याचें दिवाळें निघालेलें होतें.

मनुष्य गेला, पण पद्धति राहिली. आजच्या जाहिराती पहा. आधीं भीति घालावयाची, मग बऱ्या झालेल्यांचीं पत्रें दाखवावयाचीं, आणि शेवटीं 'पार्सल साध्या वेष्टनांत, नांव गुप्त' असें आश्वासन द्यावयाचें. या तिन्ही गोष्टी ब्रिंक्लेच्या वेळींही होत्या. फरक इतकाच कीं, त्याला गिऱ्हाइकाच्या पत्राची वाट पहावी लागे. आज जाहिरातच गिऱ्हाइकाला शोधीत येते.

यांतील बऱ्या झालेल्यांच्या साक्षींचा विचार प्रथम करूं. १८८९ सालीं पॅरिसमध्यें ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें, वयाच्या ७२ व्या वर्षीं, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेतला आणि आपल्याला पुनः तारुण्याचा जोम आल्याचें विद्वानांच्या सभेंत सांगितलें. हा गृहस्थ लबाड नव्हता. त्याला खरोखरच तसें वाटलें. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्याच्याच रीतीनें अर्क काढून पाहिला आणि २००२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. परिणाम होण्याइतकें पुरुष-संप्रेरक त्या अर्कांत नव्हतेंच. जें काम केलें तें विश्वासानें केलें. आणि कामेच्छा तर मनाशीं इतकी निगडित आहे कीं, विश्वासाचा परिणाम तिच्यावर चटकन दिसावा यांत नवल नाहीं.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका व्यापाऱ्यानें नुसत्या साखरेच्या गोळ्यांच्या १०,००० बाटल्या विकल्या. घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २० जणांना विश्रांतीनें, चिंता ओसरल्यामुळें किंवा केवळ विश्वासानें बरें वाटलें असें धरूं. म्हणजे २,००० समाधानी माणसें झालीं. यांतील दहांतल्या एकानें पत्र लिहिलें तरी २०० प्रशस्तिपत्रें हातीं आलीं, आणि त्यांतील एकही खोटें नाहीं! उरलेले ८,००० कोठें आहेत? इतर वस्तु निकामी निघाली तर मनुष्य दुकानदाराशीं भांडतो, शेजाऱ्याला सांगतो. येथें मात्र तो बाटली फेंकून देतो आणि गप्प बसतो, कारण तक्रार करावयाची म्हणजे स्वतःची उणीव जाहीर करावयाची. विकणाऱ्याला हें पक्कें ठाऊक असतें.

हा माझा तर्क नव्हे. न्यायालयांत हें उघडकीस आलें आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं एका कंपनीनें 'एन्झाइट' नांवाच्या गोळ्या पौरुष वाढविण्याच्या म्हणून दूरचित्रवाणीवर मोठ्या झोंकांत जाहिरात करून विकल्या. जाहिरातींत ज्या डॉक्टरांचीं नांवें दिलेलीं होतीं, ते डॉक्टर अस्तित्वांतच नव्हते. फुकट नमुना मागविणाऱ्याच्या कार्डावर पुढें दरमहा पैसे परस्पर चढविले जात. पैसे परत मागणाऱ्याला काय सांगण्यांत येई, तें कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्यानें साक्षींत सांगितलें. गोळ्यांनीं शरीरांत फरक पडला नाहीं असा डॉक्टरचा दाखला आणा, आणि तो नोटरीकडून प्रमाणित करून आणा, अशी ती अट होती. असा दाखला घेऊन नोटरीसमोर कोण उभा राहणार? मालक स्टीव्ह वॉरशॅक याला २००८ सालीं २५ वर्षांची शिक्षा झाली; पुढें ती कमी करून १० वर्षांची करण्यांत आली. लाज हें भांडवल आहे असें मीं म्हटलें, त्याचा यापेक्षां स्पष्ट दाखला मला ठाऊक नाहीं.

आपण म्हणाल, फार झालें तर पैसे जातील. वनस्पतीचें औषध आहे, अपाय तर नाहीं? या समजुतीला दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, वनस्पति म्हणजे निर्धोक हें समीकरण चुकीचें आहे. कुचला ही वनस्पतिच आहे, आणि तिच्या बियांत स्ट्रिक्निन हें जालीम विष असतें. दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. बाटलीवर जें लिहिलें आहे तेंच आंत असतें असें नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००७ ते २०१६ या काळांत छुपीं औषधें मिसळलेलीं ७७६ सप्लिमेंटें उघडकीस आणलीं. त्यांपैकीं ३५३ कामशक्तीचीं म्हणून विकलीं जात होतीं, आणि त्यांत सर्वांत अधिक वेळां सांपडलेलें औषध म्हणजे सिल्डेनाफिल.

हें सिल्डेनाफिल १९९८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें, 'व्हायग्रा' या नांवानें प्रसिद्ध झालेलें खरें औषध आहे. तें इच्छा उत्पन्न करीत नाहीं. इच्छा असतां रक्तप्रवाह वाढण्यास साहाय्य करतें. डॉक्टरांनीं तपासून दिलें तर त्याचा उपयोग होतो. पण हृदयविकाराचे कित्येक रोगी छातींतील कळ थांबविण्यासाठीं नायट्रेट वर्गांतील औषध घेतात. या दोहोंची गांठ पडली तर रक्तदाब एकाएकीं उतरून प्राणावर बेतूं शकतें. ज्याच्या बाटलीवर 'शुद्ध वनौषधि' एवढेंच छापलें आहे, त्या वृद्धाला हा धोका कळणार कसा?

सिंगापुरांत २००८ सालीं जें घडलें तें तर विसरतां येण्यासारखें नाहीं. जानेवारी ते मे या पांच महिन्यांत, मधुमेह नसलेले १५० रोगी रक्तांतील साखर अतिशय उतरल्यामुळें सार्वजनिक रुग्णालयांत दाखल झाले. त्यांत एक सोडून सारे पुरुष होते. शोध घेतां, बेकायदा विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक गोळ्यांत मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड हें औषध फार मोठ्या प्रमाणांत मिसळलेलें आढळलें. सात जण शुद्धीवर आले नाहींत. त्यांतील चौघे दगावले. आणि या १५० पैकीं आपण अशा गोळ्या घेतल्याचें कबूल करणारे निघाले केवळ ४५. रुग्णालयांत, प्राणाशीं गांठ पडली असतांही, लाजेनें जीभ धरून ठेवली.

मग सरकार काय करतें, असा प्रश्न साहजिकच येतो. अमेरिकेच्या याच प्रशासनानें १९८९ सालीं निर्णय दिला कीं, चिठ्ठीवांचून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही कामोत्तेजक औषधाचा गुण व निर्धोकपणा सिद्ध झालेला नाहीं. त्या यादींत जिनसेंग, योहिम्बिन आणि जीवनसत्त्वेंही होतीं. परंतु १९९४ च्या कायद्यानें सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा गुण विक्रीपूर्वीं सरकारपुढें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं. आपल्या देशांत १९५४ चा औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा कायदा आहे. कामसुखाची क्षमता वाढविण्याच्या औषधांची जाहिरात त्यानें निषिद्ध ठरविली आहे. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणें सप्लिमेंटच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठीं नाहीं' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. पण जाहिरातदार 'नपुंसकत्व' हा शब्द टाळून 'जोम', 'उत्साह', 'मर्दानी ताकद' असे शब्द योजतो. मोठ्या अक्षरांत आशा छापतो आणि बारीक अक्षरांत सूचना. म्हणून माझी विनंति अशी कीं, बाटली हातीं आलीच तर वाचन बारीक अक्षरांपासून सुरू करावें.

आपल्याकडे या व्यापाराला आणखी एक आधार मिळतो. धातु गेल्यानें शरीर पोखरतें ही समजूत पुष्कळ तरुणांच्या मनांत खोल बसलेली असते. त्या धास्तीनें खंगणाऱ्यांच्या विकाराला डॉ. नरेंद्र विग यांनीं १९६० सालीं 'धात सिंड्रोम' असें नांव दिलें. झोपेंत होणारें वीर्यस्खलन हा निसर्गक्रम आहे. त्यानें शक्ति जात नाहीं. पण निसर्गक्रमाला रोग ठरविल्यावांचून औषध खपत नाहीं. प्राचीन ग्रंथांची ग्वाही देणारेही सोयीचें तेवढेंच सांगतात. चरकसंहितेंतील वाजीकरणाच्या अध्यायांत हर्ष देणारी स्त्री हेंच श्रेष्ठ वाजीकरण मानलेलें आहे. हें मत बाटलीवर कोण छापील? घरांतील स्नेह विकत मिळत नाहीं, म्हणून त्यावर नफाही नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतच या लाजेवर खरा उपाय करूं पाहणारा एक मनुष्य होऊन गेला. प्रा. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें आणि कामजीवनाविषयींच्या प्रश्नांना सरळ, शास्त्राला धरून उत्तरें दिलीं. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही दंड झालाच. प्रामाणिक उत्तराला दंड झाला, आणि खोट्या जाहिरातींना आळा घालणारा देशव्यापी कायदा यावयास १९५४ साल उजाडलें. ज्या समाजांत उत्तर देणाऱ्याला शिक्षा होते, तेथें प्रश्न विचारणारा शेवटीं भिंतीवरची जाहिरातच वाचणार.

तेव्हां करावें काय? प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही तक्रार दुर्मिळ नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणें शेंकडा ५२ जणांना ही अडचण थोड्याफार प्रमाणांत होती. जी गोष्ट निम्म्यांना आहे तिची लाज एकट्यानें कां वाहावी? स्त्रियांच्या बाबतींतही बाळंतपण, ऋतुनिवृत्ति किंवा घरच्या चिंता यांमुळें इच्छा ओसरते; तो दोष नव्हे.

दुसरें, ही तक्रार कित्येकदां दुसऱ्या दुखण्याची पूर्वसूचना असते. पुरुषाच्या जननेंद्रियाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षां बारीक असतात. म्हणून रक्तवाहिन्यांचा विकार पुष्कळदां तेथें आधीं जाणवतो आणि हृदयांत मागाहून. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, खिन्नता, अपुरी झोंप, तसेंच चालूं असलेलीं कांहीं औषधें, हीं कारणें डॉक्टरच शोधूं शकतात. जो मनुष्य अशा वेळीं गुपचूप बाटली मागवितो, तो केवळ पैसे गमावीत नाहीं. सावध होण्याची संधि गमावतो.

म्हणून तरुणांनीं व वृद्धांनींही आपल्या नेहमींच्या डॉक्टरकडे जाऊन दोन वाक्यांत खरें सांगावें. ऐकणाऱ्याला त्यांत नवें कांहीं नसतें. घेतलेल्या गोळ्यांचें नांव लपवूं नये. त्या नांवावर प्राण अवलंबून असूं शकतो. आणि पतिपत्नींनीं हा विषय एकमेकांशीं बोलावा. हा व्यापार अंधारांत चालतो. आपण दोन शब्द मोकळेपणानें बोललों, कीं त्याचें भांडवल तेवढें कमी होतें.