दगडातलं कळणारी बाई

मी राधानगरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. आज बोलणार आहे भूवैज्ञानिक बायकांबद्दल. जमीन, खडक, जमिनीखालचं पाणी, खनिजं यांचा अभ्यास करणारा तो भूवैज्ञानिक. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर कोण येतं, असं मी गटांच्या बैठकांत विचारलं. बहुतेकींनी सांगितलं, पायात बूट आणि हातात हातोडा असलेला साहेब. एक मावशी म्हणाल्या, "आमचा पाणाड्या! नारळ हातावर घिऊन रानातनं फिरतोय की." म्हणजे शिकलेला असो की न शिकलेला, जमिनीतलं कळतं ते बाप्यालाच.

खरं तर दगडाचं काम बायकांना कुठं नवं आहे? खडी फोडायला, मुरमाच्या पाट्या उचलायला बाई चालते. तिथं कुणी म्हणत नाही की हे बाईला झेपणार नाही. पण तोच दगड बघून "इथं पाणी लागेल", "या उतारावर घर बांधू नका" असं सांगायची वेळ आली की साहेब लागतो. अडचण तिच्या ताकदीची कधीच नव्हती. तिचा शब्द मानायचा का, हा प्रश्न होता.

कायदासुद्धा बराच काळ तसाच होता. १९५२ च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती आणि वरच्या उघड्या खाणीत संध्याकाळी सातनंतर थांबायचं नाही, असा नियम होता. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाणीचं इंजिनीअरिंग शिकायचं होतं, तर प्रवेशासाठी त्यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठवावं लागलं. १९९९ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता ठरल्या. पुढं २०१९ मध्ये सरकारने नियम सैल केला आणि बाईची लेखी संमती असेल तर खाणीत उतरायची वाट मोकळी केली. तीही तांत्रिक आणि देखरेखीच्या कामापुरतीच. पाटी उचलणारीला तेव्हा नव्हती. हे मला आजही खटकतं.

त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, दोन भारतीय बायका अंटार्क्टिकाच्या बर्फावर पोचल्या होत्या. एक नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत, समुद्राच्या अभ्यासक. दुसऱ्या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या सुदीप्ता सेनगुप्ता, खडकांच्या अभ्यासक. सेनगुप्ता गिर्यारोहण शिकलेल्या होत्या. त्या बर्फातून डोकं वर काढणाऱ्या टेकड्यांचे दगड त्यांनी तपासले. अशी नावं आपल्या मुलींना माहीत हवीतच. तरी मला वाटतं, अंटार्क्टिकाच्या फोटोपेक्षा आपल्या गावच्या विहिरीत टेप सोडणारी बाई मुलींना जास्त काही सांगून जाते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे राज्य सरकारचं खातं. ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ते वर्षातून चार वेळा मोजतात. मध्यंतरी आमच्या एका गावात झऱ्यांची पाहणी करायला एक भूवैज्ञानिक मॅडम आल्या होत्या. गाडीतून उतरल्या, तर पारावरची मंडळी विचारतात, "साहेब कवा येणार हायत?" त्या म्हणाल्या, "मीच आलेय. झरे कुठं आहेत, दाखवा." मग कोणता झरा मे महिन्यापर्यंत टिकतो, कुठला शिमग्यालाच आटतो, हे त्यांनी विचारलं आणि पारावर सगळी चिडीचूप. सांगितलं ते पाणी भरणाऱ्या बायकांनी. मॅडमनी सगळं वहीत टिपून घेतलं.

जाताना त्यांनी समजावलं ते ऐका, आपल्या मुलखाचंच आहे. आपला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाखो वर्षांच्या पावसाने वरच्या थरातलं बरंच धुऊन नेलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं उरलं, त्याचा झाला जांभा आणि बॉक्साइट. दुर्गमानवाडला विठ्ठलाईच्या दर्शनाला आपण जातो, त्या सड्यावर हेच बॉक्साइट. त्यापासून ॲल्युमिनियम होतं, म्हणजे आपल्या चुलीवरचं जर्मलचं पातेलं! जांभा असतो भोकाभोकांचा, त्यामुळं पाऊस आत मुरतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून वरचा सडा खरवडला की खालचा झरा धोक्यात येतो. आमच्या बायकांना आटलेला झरा माहीत होता. का आटला असेल, ते त्या दिवशी कळलं.

त्या घोळक्यात बारावी सायन्सची एक पोरगी होती. तिनं मॅडमना एकच विचारलं, "याला काय शिकावं लागतं?" बारावी सायन्सनंतर भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात हा विषय आहे. पुढं केंद्राच्या नोकरीसाठी यूपीएससी भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते.

घरी मात्र बिनसलंय. वडील म्हणतात, "दगडं बघायला कॉलिज कशाला? आन् डोंगरात एकटी हिंडणार व्हय?" दुसरा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. रानात संडास नसतो, पाळी असली तर हाल होतात, रात्री परतायला गाडी लागते. पण याच डोंगरात तिची आई वीस वर्षं शेणी-सरपणाला एकटी जाते. तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही.

गटाने ठरवलंय, पुण्याच्या वसतिगृहाच्या पहिल्या खर्चासाठी आईच्या नावावर अंतर्गत कर्ज द्यायचं. हप्ता किती झेपेल, याचा हिशेब अजून चाललाय. पुढच्या बैठकीला वडिलांनाही बोलावलंय. झऱ्याची माहिती देणाऱ्या त्या मावशीच त्यांना आणायला जाणार आहेत. त्यांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नाही.