पडद्यावरचा जुना काळ आणि त्याचे संगीत



ज्या दिल्लीत आपण आज जमलो आहोत, तेथील विद्यापीठात १९६० ते १९६५ या काळात वनराज भाटिया पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवीत असत. त्याच दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकलेल्या शेखर कपूर यांनी १९९८ साली ‘एलिझाबेथ’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. पडद्यावरील जुन्या काळाला त्याच काळाचे संगीत हवे काय, हा प्रश्न या दोघांच्या कामांवरून मांडता येईल.

एलिझाबेथ राणीच्या प्रार्थनामंदिरात टॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड सेवेला होते. अनेक स्वतंत्र स्वरपंक्ती एकमेकींत गुंफून गाण्याची कला त्यांनी कळसाला नेली. १५७५ साली राणीने दोघांना संगीतमुद्रणाचा एकाधिकार दिला. तेव्हा प्रत्येकी सतरा अशा चौतीस लॅटिन रचना छापून त्यांनी तिला अर्पण केल्या. तिच्या राज्याचे ते सतरावे वर्ष होते! राणी प्रॉटेस्टंट, बर्ड मात्र कॅथलिक. ज्या कॅथलिक उपासनेला राज्यात बंदी होती, तिच्यासाठी त्याने १५९० नंतरच्या काही वर्षांत तीन रचना प्रसिद्ध केल्या. त्या गायिल्या जात त्या खाजगी घरांतून, लपूनछपून.

चित्रपटाच्या अखेरच्या भागात मात्र आपल्याला ऐकू येते ते मोझार्टचे १७९१ मधील ‘रेक्विएम’ आणि एल्गारचे १८९९ मधील ‘निमरॉड’. शतकांची ही तफावत मी क्षम्य मानतो. खटकते ते दुसरेच. ‘रेक्विएम’ ही मृतात्म्यांसाठी करावयाची कॅथलिक प्रार्थना. आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथाच प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी नाकारली होती. राणीतील तरुण स्त्रीचा अंत सुचवावयाचा होता, हे मान्य. तथापि ज्या धर्मकलहावर कथा उभी आहे, तो बर्डच्या स्वरांत मुळातच होता.

असे म्हणताना आपल्या घरचे उदाहरण विसरून चालणार नाही. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘भारत एक खोज’ मालिकेसाठी भाटियांनी नासदीय सूक्त समूहस्वरांत बांधले. वैदिक पठणाची परंपरा उदात्त, अनुदात्त आणि स्वरित या स्वरांची. तिच्यात वाद्यमेळाला स्थान नाही. तरीही प्राचीन भारत म्हटले की माझ्या कानांत तेच गायन घुमते, कदाचित आपल्याही. परंतु तेथे संस्कृत ऋचेपाठोपाठ वसंत देव यांचे हिंदी रूपांतर येई, आणि काय गायिले जात आहे ते प्रेक्षकाला कळे. ‘एलिझाबेथ’मधील लॅटिन शब्दांचा अर्थ आपणांपैकी कितीजणांनी विचारला होता?