मधुमेह आणि घरचें ताट

मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें गणित शिकविलें आणि निवृत्त झालों. तेव्हां मधुमेहासारख्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असें आपल्या मनांत येणें साहजिक आहे. अधिकार एवढाच कीं, हा रोग माझ्या घरांत ठाण मांडून बसला आहे, आणि त्याच्याशीं वागतांना आम्हीं एक मोठी चूक केली. तीच चूक आजही पुष्कळ घरांतून होत असेल, म्हणून ती सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें.

माझ्या वडील बंधूंना, आम्ही त्यांना दादा म्हणत असूं, पन्नाशीच्या सुमारास मधुमेह असल्याचें कळलें. दादा मोठे निग्रही. त्याच दिवशीं त्यांनीं चहांतील साखर सोडली. पेढा, जिलबी, श्रीखंड, पुरणपोळी ह्यांना पुढें जन्मभर हात लावला नाहीं. एवढें कडक पथ्य पाळणाऱ्याचें रोग काय वांकडें करणार, असें आम्ही म्हणत असूं. परंतु त्यांच्या ताटांत पहिला वरणभात, मग बटाट्याच्या भाजीबरोबर चार पोळ्या, आणि शेवटीं ताकभात असे. सकाळीं पोहे, आणि एकादशी-चतुर्थीला साबूदाण्याची खिचडी. माझ्या मुलाच्या मुंजीच्या पंगतींत मीं स्वतः आग्रह करून त्यांच्या पानांत दुसऱ्यांदा मसालेभात वाढला, आणि वर म्हटलें, “घ्या दादा, भातांत कुठें साखर आहे?” ते हंसले आणि जेवले.

पुढें सातआठ वर्षांनीं त्यांच्या पायाला चपलेचा अंगठा लागून जखम झाली. ह्या रोगानें पायांतील संवेदना मंदावते. त्यामुळें चार दिवस त्यांना ती जखम जाणवलीच नाहीं. ती चिघळली, दोन बोटें काढावीं लागलीं, आणि वर्षाच्या आंत पाऊल गेलें. दादा आज हयात नाहींत. मीं पंगतींत बोललेलें तें वाक्य मात्र मला अजून ऐकूं येतें.

भातांत कुठें साखर आहे, ह्या प्रश्नाचें खरें उत्तर मला मी स्वतः त्याच वाटेला लागेपर्यंत मिळालें नाहीं. छप्पन्नाव्या वर्षीं माझें रक्त उपाशीपोटीं तपासलें, तों शर्करेचा आंकडा १३८ निघाला. शंभर मिलिलिटर रक्तांत इतके मिलिग्रॅम, असें हें माप आहे. तो आंकडा १०० च्या आंत असावा. १०० ते १२५ ही मधुमेहाची पूर्वावस्था. आणि १२६ किंवा त्याहून अधिक आंकडा दोनदां आढळला म्हणजे मधुमेह झाला, असें समजतात. ज्या डॉक्टरांकडे मी गेलों त्यांनीं गोळी लिहून दिली आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही गणिताचे मास्तर. काल दिवसभरांत काय काय खाल्लें, तें मापासह मांडून आणा.”

मीं हिशेब मांडला. एका घडीच्या पोळीला सुमारें तीस ग्रॅम कणीक लागते, आणि तींत वीस ग्रॅम पिष्ट असतें. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमांच्या एका वाटींत सुमारें अठ्ठावीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम पोह्यांत अडतीस ग्रॅमांच्या आसपास. माझ्या सहा पोळ्या झाल्या होत्या, त्यांचे १२०, भात चार वाट्या, त्याचे ११२, पोह्यांचे ३८. बेरीज २७० ग्रॅम. आणि ज्या साखरेचा मला एवढा धाक होता, ती तीन कप चहांतील सहा चमचे साखर भरली ३० ग्रॅम. हें पिष्ट पोटांत गेलें म्हणजे पचून त्याची बहुतेक साखरच होते. म्हणजे मी चहांतील साखरेचा विचार करीत बसलों होतों, आणि तिच्या नऊपट साखर भात, पोळी व पोहे ह्यांच्या रूपानें रोज पोटांत जात होती. दादांचीही गोष्ट तीच. त्यांचा निग्रह खोटा नव्हता. हिशेब चुकला होता.

आतां दुसरा आंकडा ऐका. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तांत उपाशीपोटीं अवघी पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर असते. जेवणांतून येणारी बाकीची साखर रक्तांतून स्नायूंत व यकृतांत पोंचविण्याचें काम स्वादुपिंडांतून पाझरणारें इन्सुलिन करीत असतें. पोटांत व यकृतांत चरबी सांचली आणि हातपाय बसून राहिले, म्हणजे शरीर इन्सुलिनचें सांगणें ऐकेनासें होतें. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडतें, वर्षानुवर्षें जादा काम करतें, आणि शेवटीं थकतें. मग साखर रक्तांतच सांचूं लागते, आणि डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय ह्यांच्या बारीकमोठ्या रक्तवाहिन्या हळूहळू बिघडतात.

हें ज्ञान सर्वस्वीं नवें आहे असेंही नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना गुळाच्या पदार्थांबरोबर नवें धान्य सांगितलें आहे, दहीं सांगितलें आहे, आणि सुखानें बसून राहणें व सुखानें झोंपणें हींही सांगितलीं आहेत. म्हणजे त्या वैद्यांनीं केवळ मिठाईला दोष दिला नव्हता. त्यांची नजर रोजच्या अन्नाकडे आणि रोजच्या वागण्याकडे होती.

“आम्ही तर सडपातळ, आम्हांला काय भीति?” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठीं पुण्याचीच एक गोष्ट सांगतों. तेथील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत आपल्या दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरांत शेंकडा २१.२! आपली ठेवण अशी आहे कीं, हातपाय बारीक असतांही चरबी आंत दडून राहते. म्हणून कांट्यावरील वजनापेक्षां कंबरेचा घेर अधिक बोलका. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आंत आणि स्त्रियांचा ८० च्या आंत असावा. घरांत शिवणाची टेप असतेच. तेवढें माप आजच घेऊन ठेवावें.

ह्या रोगाचा पसारा केवढा आहे, तें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसतें. देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह, आणि सुमारें १३ कोटी ६० लक्ष लोक पूर्वावस्थेंत. हा दुसरा आंकडा भीतिदायक वाटतो. पण सुधारणेला खरी जागा तेथेंच आहे. पूर्वावस्थेंतील लोकांवर चेन्नईस डॉ. रामचंद्रन ह्यांनीं केलेला एक प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमींचाच सल्ला दिला होता, त्यांपैकीं तीन वर्षांत शेंकडा ५५ लोकांना मधुमेह झाला. ज्यांनीं आहार बदलला व चालणें ठेवलें, त्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत तर वजन शेंकडा ७ नें उतरविण्याचा व आठवड्याला दीडशें मिनिटें चालण्याचा नेम ठेवणाऱ्या गटांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. म्हणजे हा रोग नशिबाचाच भाग आहे, असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां प्रत्यक्ष ताटाकडे वळूं. मनानें ताटाचे चार भाग करा. त्यांतील दोन भाग भाजी व कोशिंबीर: मेथी, पालक, दुधी, पडवळ, गवार, घेवडा, कोबी, काकडी, टोमॅटो, मुळा. बटाटा, रताळें व साबूदाणा ह्यांना भाजींत धरूं नये. त्यांची गणना धान्यांत. तिसरा भाग मटकी, मूग, चवळी, हरभरा ह्यांची उसळ, घट्ट वरण, दहीं, आणि खाणाऱ्यांसाठीं अंडीं किंवा मासे. उरलेला चौथा भाग तेवढा धान्याचा. त्यांत भाकरी, पोळी किंवा भात ह्यांपैकीं एक घ्यावें. दोन हवीं असतील तर दोन्ही मिळून त्या चतुर्थांशांत बसवावीं.

जेवणाचा क्रमही थोडा बदलावा. आधीं कोशिंबीर, भाजी आणि उसळ, आणि शेवटीं भात किंवा पोळी. त्या क्रमानें जेवल्यास तेंच अन्न साखर सावकाश चढवितें. आणि हात धुतल्यावर आरामखुर्ची न शोधतां दहापंधरा मिनिटें चालावें. पायांचे स्नायू चालूं लागले म्हणजे रक्तांतील साखर आपणहून ओढून घेतात.

ह्या बाबतींत आपल्याकडे कांहीं समजुती रूढ आहेत, त्यांचाही हिशेब करूं. गूळ व मध हे साखरेचे सख्खे भाऊ आहेत. रंग बदलला म्हणून गुण बदलत नाहीं. ज्वारीची भाकरी मैद्याहून चांगली खरी, कारण तींत चोथा असतो. परंतु ज्वारीच्या पिठांतही दोनतृतीयांशाहून अधिक पिष्टच आहे, तेव्हां तीन भाकऱ्या खाऊन पथ्य होत नाहीं. पेरू, जांभूळ, पपईच्या दोन फोडी असें फळ चावून खावें. रस काढून पिऊं नये. ‘साखरविरहित’ म्हणून विकलीं जाणारीं बिस्किटें मैद्याचींच असतात. कारल्याचा रस कोणी घेत असेल तर घेवो, पण त्याच्या भरंवशावर गोळी बंद करूं नये. आणि उपवास! शंभर ग्रॅम साबूदाण्यांत ८७ ग्रॅमांच्या आसपास पिष्ट असतें. त्या खिचडीपेक्षां ताक, पेरू, काकडी व मूठभर शेंगदाणे ह्यांनीं केलेला उपवास देवालाही चालेल, असें मला वाटतें.

येथें एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. जे इन्सुलिन टोंचून घेतात, किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्याशिवाय जेवण एकाएकीं कमी करूं नये, उपवासही करूं नये. औषध तेवढेंच राहिलें आणि अन्न घटलें, तर साखर धोक्याइतकी खालीं जाते. घाम सुटतो, हात कांपतात, भान हरपूं लागतें. अशा वेळीं ताबडतोब साखरपाणी घ्यावें. मूत्रपिंडें बिघडलीं असल्यास डाळी-उसळींचें प्रमाणही डॉक्टरांनींच ठरवावें.

आतां शेवटची आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गेल्या वर्षीं माझ्या मुलाची तपासणी झाली. वय चौतीस, दिवसभर संगणकापुढें बैठक. आंकडा ११२. संध्याकाळीं सूनबाईंनीं हळूच विचारलें, “बाबा, ह्यांचें आतां वेगळें करूं का?” मला एकदम दादांचें ताट आठवलें. त्यांच्यापुढें बिनसाखरेचा वेगळा चहा येई, आणि तेवढें झालें कीं घरांत कोणालाच आणखी कांहीं करावेंसें वाटत नसे. मीं म्हटलें, “वेगळें नको. सगळ्यांचेंच बदलूं.”

त्या दिवसापासून आमच्या घरीं एकच स्वयंपाक होतो. भाताचें पातेलें लहान झालें आणि भाजीची कढई मोठी झाली. सकाळीं पोह्यांऐवजीं मुगाचीं धिरडीं, नाहीं तर मोड आलेली मटकी. फरसाणाचा डबा रिकामा झाला तो पुन्हां भरला नाहीं. पहिले पंधरा दिवस नातवंडांनीं कुरकुर केली, मीही मनांतल्या मनांत केली. मग संवय झाली. आठ महिन्यांत मुलाचें वजन ७८ किलोंवरून ७२ वर आलें, आणि आंकडा ९८ झाला. माझी स्वतःची गोळी सुटलेली नाहीं आणि ती सुटावी असा माझा हट्टही नाहीं. परंतु तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी, जी पूर्वीं ७.९ येत असे, ती आतां ६.४ येते.

श्रोतेहो, आपल्या मराठी घरांत प्रेम दाखविण्याची रीत म्हणजे आग्रह. ती रीत सोडा असें मी म्हणणार नाहीं. तशी ती सुटणारही नाहीं. मात्र आतां आमच्या घरीं पाहुणे आले म्हणजे मी उसळीचें आणि कोशिंबिरीचें भांडें घेऊन पंगतींत फिरतों, आणि भाताचें भांडें मध्यें ठेवतों. ज्याला जितका हवा तितका त्यानें घ्यावा. दादांच्या पानांत मीं जें वाढलें तें मला आतां परत घेतां येणार नाहीं. तुम्हांला मात्र आज रात्रींच्या जेवणापासून आपल्या माणसांच्या पानांत काय वाढायचें, तें ठरवितां येईल. तेवढें ठरवा, आणि घरांत तीस वर्षांवरील जो कोणी असेल त्याचें रक्त एकदां तपासून घ्या, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.